पांढऱ्या चिंधीचे तीन वाफे

पांढऱ्या चिंधीच्या वाफ्यातली पात काट्यावर चढली आणि आकडा दहा किलो नऊशेवर थांबला. तनुजानं टोपलं खाली उतरवलं, काटा शून्यावर आणला आणि टोपलं पुन्हा चढवलं. दहा किलो नऊशे. काट्याचं तिच्याशी काही वाकडं नव्हतं, तो बापडा जे होतं ते सांगत होता.

“लई जोमात आलीय गं ही,” पारूबाई म्हणाली. ही भावकीतली बाई सकाळपासून पात उपटायला लागली होती आणि तिच्या मते झालं ते चांगलंच झालं होतं. “बघ की, बोटाएवढ्या दांड्या. असला कांदा हातोहात जाईल.”

त्या वाफ्यातून फार तर पाच किलो पात निघायला हवी होती.

आता हे नीट सांगायला हवं. नाहीतर एवढ्या चांगल्या पिकाकडं बघून एखादी पोरगी पांढरीफटक का पडली, हे कुणाला कळायचं नाही.

तनुजा ही पुंजाराम आणि आवडाबाईची थोरली. संभाजीनगरच्या एका कॉलेजात शेतीचं एमएस्सी करत होती. पातीच्या कांद्याला शेणखत, गांडूळखत आणि दुकानातलं रासायनिक खत कुठल्या मापानं एकत्र घातलं तर पात चांगली येते, हा तिचा विषय. तिच्या फुलंब्रीत ह्या बाबतीत ज्याला विचाराल तो छातीठोक सांगतो. दुकानदार म्हणतो गोणीशिवाय गत्यंतर नाही, सेंद्रियवाले म्हणतात गोणीला हात लावाल तर जमीन मेली. वजन करून बघितलंय का म्हणून विचारलं की दोघंही दुसरीकडं बघतात. तनुजा वजन करून बघणार होती. त्यासाठी आबांच्या, म्हणजे पुंजारामाच्या रानात, विहिरीच्या खालच्या अंगाला तिनं तीन ओळी आखल्या होत्या. प्रत्येक ओळीत सात वाफे. सहांना सहा तऱ्हेची खतं, कुणाला निम्मं शेणखत निम्मं रासायनिक, कुणाला पाऊण अन् पाव, कुणाला नुसतं गांडूळखत. आणि सातव्याला काहीच नाही, फक्त पाणी. नुसती माती किती देते हे त्या सातव्यावरून कळतं, आणि ते कळल्याशिवाय खतानं किती दिलं हे सांगता येत नाही. सगळ्या प्रयोगाचा पाया म्हणजे तो उपाशी वाफा.

हा तिचा तिसरा प्रयत्न होता. पहिल्या साली रोपं मर लागून गेली. दुसऱ्या साली कॉलेजच्या रानात सप्टेंबरच्या पावसानं चार दिवस पाणी उभं राहिलं आणि कांदा जागेवर कुजला. मग विद्यापीठानं शेवटची मुदत दिली, एकतीस मार्च. तोवर प्रबंध आला नाही तर नाव कमी. शहरात क्रांती चौकाच्या पुढं एका माती तपासणाऱ्या लॅबमध्ये तिची जागा जवळजवळ ठरलेली होती, पदवीचा कागद तेवढा दाखवायचा होता. आज फेब्रुवारीची सतरा तारीख. आता नवा कांदा लावून काढायला वेळ नव्हता. हा गेला की चार वर्षं गेली, आणि हे घरातल्या म्हशीलासुद्धा ठाऊक असावं इतक्यांदा तिनं ते बोलून दाखवलं होतं.

“दुसऱ्या वळीतला पांढरा काढा,” ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

द्वारकाबाई ही दुसरी मजूर. तिनं आणि पारूबाईनं मिळून दुसरा पांढरा वाफा उपटला, मुळांची माती झटकली. दहा किलो चारशे. मग तिसरा. अकरा किलो शंभर. शेजारच्या लाल चिंधीला, म्हणजे ज्याला पुरं रासायनिक खत दिलं होतं त्याला, त्याच ओळीत साडेदहाच भरले होते. उपाशी वाफा जेवलेल्याच्या पुढं गेला होता.

पलीकडच्या कडेला आवडाबाई खाली मान घालून पात उपटत होती. इतका गलका चालला होता, पारूबाईच्या तोंडाला खळ नव्हता, आणि ती एकदाही वर बघत नव्हती. तनुजाला तेव्हाच कळलं असं म्हणता येणार नाही, पण तिच्या मनात शंका शिरली ती तेव्हापासून.

त्या चिंध्यांचंही सांगायला हवं. आवडाबाईला लिहितावाचता येत नाही. वाफ्यावर पाट्या लावून उपयोग नव्हता, आणि आईशिवाय तर हे रान चालणार नव्हतं. म्हणून तनुजानं प्रत्येक खताला एक रंग दिला, खुंट्यांना त्या रंगाच्या चिंध्या बांधल्या, आणि पुढं द्यायच्या खताच्या पुड्यांनाही त्याच रंगाचे दोरे बांधले. लाल पुडी लाल खुंटीला, हिरवी हिरवीला. कुठल्या ओळीत कुठला वाफा कुठं यायचा हे मात्र आपल्या मनानं ठरवायचं नसतं, चिठ्ठ्या टाकून ठरवायचं असतं, म्हणजे आवडत्या खताला चांगली जागा दिली असं कुणी म्हणू नये. तनुजानं चिठ्ठ्यांऐवजी रंगीत दोऱ्यांच्या गुंड्या केल्या, पितळी डब्यात टाकल्या आणि डबा आईपुढं धरला. आईचा हात चांगला, तिनं लावलेलं रोप मरत नाही, असं घरात मानतात. दोनदा हात पोळलेल्या पोरीनं तेवढं तरी मानावं ना.

आवडाबाईनं डोळे मिटून हात घातला. पहिलीच गुंडी निघाली पांढरी.

“ह्याला काय?” तिनं विचारलं.

“काहीच नाही.”

“काहीच नाय म्हंजी?”

“नुसतं पाणी, माय. बाकीच्यांना खत, ह्याला नुसतं पाणी.”

आवडाबाई गुंडीकडं बघत राहिली. “म्या काढली ना ही,” ती म्हणाली. तनुजा वहीत लिहीत होती, तिनं नुसतं हूं केलं. आज तिला ते हूं आठवलं आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

पुढं लावणीनंतर पंचविसाव्या दिवशी गाडेकर सर आले, तिचे मार्गदर्शक. फोन नाही, काही नाही, भर दुपारी बांधावर येऊन उभे. ते सगळे वाफे हिंडले आणि पांढऱ्या चिंधीपाशी थांबले. तिथली पात पिवळी पडली होती, शेंडे वाळले होते. सर खूश झाले. “हा बघ, ह्याला म्हणतात कंट्रोल! असाच उपाशी राहू दे ह्याला.” आवडाबाई मागं घागर घेऊन उभी होती. एवढा शिकलेला माणूस उपाशी रोपाचं कौतुक करतोय हे तिनं कानांनी ऐकलं.

मग जेवायची वेळ झाली आणि सरांना जेवल्याशिवाय सोडणार कोण. रानात भाकरी मोजक्या, पाच माणसांच्या पाच. आवडाबाईनं काही गडबड केली नाही. आलेल्या माणसाचं ताट ती नेहमी जसं भरते तसं भरलं. पुंजारामाच्या ज्वारीच्या भाकरीचा एक चतकोर मोडला, पारूबाईच्या बाजरीचा एक, द्वारकाबाईचा एक, तनुजाचा एक, आपला एक. वर मिरचीचा ठेचा आणि चार कांद्याच्या पाती. सर ताटाकडं बघून हसले. “पाच तुकडे, दोन धान्यं. माझंच पोट सगळ्यात जास्त भरणार आज.” कुणाला काही कमी पडलं नाही. आवडाबाईच्या हातचं असंच असतं, पाचांतून एकेक घास निघतो आणि सहावा उठून जाताना ढेकर देतो.

त्यानंतर तीन दिवसांत तनुजाचे डोळे पिवळे झाले. कावीळ. महिनाभर ऊन नाही, तेल नाही, रान नाही. ती रानात पुन्हा आली ती थेट आज, काढणीला. तिसाव्या दिवशी खताचा दुसरा हप्ता द्यायचा होता. पुड्या आणि पिशव्या तिनं आधीच वजन करून, दोरे बांधून ठेवल्या होत्या, अठरा वाफ्यांच्या अठरा. खाटेवरून ती आईला दहा वेळा बजावून सांगत होती. “रंगाला रंग लाव. आणि बाहेरचं काही म्हणजे काही रानात टाकायचं नाही. शेरडं फिरकू द्यायची नाहीत. आबांनी चहाचा चोथा टाकायचा नाही.”

“नाय टाकत कुणी,” आवडाबाई म्हणाली होती. आणि ती शब्दाची पक्की बाई.

तनुजा वही तिथंच ठेवून रान तुडवत आईपाशी गेली.

“माय, पांढऱ्यांना खत कुणी घातलं?”

आवडाबाईनं हातातली जुडी खाली ठेवली. “म्या घातलं.”

तनुजाला वाटलं होतं ती नाही म्हणेल, कानावर हात ठेवील, मग शेजाऱ्याच्या पाटातून पाणी आलं असेल, कुणाची शेरडं बसली असतील, असं काहीतरी शोधता येईल. तसं काहीच झालं नाही.

“का?”

“का म्हंजी? एका वळीत सात लेकरं. सहांच्या पुड्या माझ्या हातात, अन् सातवं नुसतं तोंडाकडं बघतंय. पिवळं पडलं व्हतं गं. अन् ती गुंडी कुणी काढली? म्याच ना? माझ्या हातानं त्याला उपास लागला. मला नाय बघवलं.”

“ते उपाशीच राहायला पाहिजे होतं! त्याच्यासाठीच लावलं होतं ते!”

“उपाशी ठिवायला कुणी लावतं व्हय?” आवडाबाई म्हणाली. तिला खरंच कळत नव्हतं, आणि त्यानंच तनुजाचा तोल सुटला.

“तुला वाचता येत नाही म्हणून मी चिंध्या बांधल्या. दोरे बांधले. लहान पोराला समजावं तसं समजावलं. तरी तुला काहीच कळलं नाही. सत्यानाश केलास तू माझा. पावसानं केला नाही इतका तू केलास!”

आवडाबाईचा चेहरा आधी लाल झाला, मग राखेसारखा. तिनं पदरानं हात पुसले, जे आधीच कोरडे होते, आणि पुन्हा खाली वाकून पात उपटायला लागली. तनुजाला आपण काय बोललो ते कळत होतं आणि तरी तिला तेच पुन्हा बोलावंसं वाटत होतं.

ती लिंबाखाली येऊन बसली. पुढ्यात वही होती. पांढऱ्या वाफ्यापुढची जागा अजून कोरी होती. पेन्सिलीनं तिनं पाच लिहिलं, पुढं टिंब दिलं, एक लिहिला. पाच किलो शंभर. बरा दिसत होता आकडा. कुठल्याही पुस्तकात शोभला असता.

पुंजाराम तिच्या मागं येऊन उभा राहिला. तो कमी बोलणारा माणूस. “लिही काय लिहायचं ते,” तो हळूच म्हणाला. “तुझा मास्तर काय इथं काटा धरून बसलाय?”

तनुजानं आकडा खोडला. प्रामाणिकपणाचा झटका आला असं नाही. तिला भीती वाटली, इतकंच. तीन वाफ्यांचे तीन खोटे आकडे, मग पातीच्या उंचीचे, मग दांड्यांच्या जाडीचे, मग मातीच्या तपासणीचे, आणि समोर गाडेकर सर, जे दशांशचिन्हाच्या पुढच्या तिसऱ्या आकड्यावरून माणसाची झोप उडवतात. तिनं फोन लावला.

सर आधी ओरडले. “कंट्रोल गेला? तनुजा, तुला कळतंय का तू काय बोलतेस?” तिला कळत होतं. ती रडत नव्हती, नुसती ऐकत होती, आणि कान गरम झाले होते. मग पलीकडं बराच वेळ कागदांची खसखस झाली.

“थांब,” सर म्हणाले. “कंट्रोल सोडून देऊ. पुरं रासायनिकवाला आहे ना, तो पाया धरू. बाकीचे पाच त्याच्याशी ताडून बघू. काम दुबळं होईल, पण उभं राहील. मी विभागप्रमुखांशी बोलतो. तुला लिहून द्यावं लागेल की पांढरे तीन सोडले तर बाकीच्या अठरा वाफ्यांना ठरल्याप्रमाणे मोजून खत मिळालंय. मिळालंय ना?”

“मिळालंय, सर.”

“दुपारी फोन करतो. आणि हे बघ, ह्या निकालांचं शेतकऱ्यांसाठी पत्रक मला मे महिन्यात काढायचंय. तुमच्या भागातले लोक कांदा लावतात, त्यांच्या हातात माप पडलं पाहिजे. नीट वजनं कर.”

तनुजानं फोन ठेवला आणि तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. बुडता बुडता हाताला मुळी लागावी तसं झालं तिला. ती उठली, कंबर कसली आणि तासाभरात उरलेल्या वाफ्यांची वजनं उरकली. हिरव्या चिंधीला, पाऊण रासायनिक आणि पाव गांडूळखताला, तिन्ही ओळींत बाराच्या वर भरलं. तिला तेच वाटत होतं पहिल्यापासून. नुसत्या शेणखताची पात मागं होती, पण रंगानं काळीभोर. सगळं जिथल्या तिथं. दुपारी नमुने घेऊन ती थेट कॉलेजात जाणार होती, खायचंही तिकडंच ठरवलं होतं, म्हणून सकाळी घरून भाकर आणली नव्हती. नमुन्याच्या पिशव्यांवर ती भराभर नावं टाकत सुटली.

मग तिला आई दिसली. आवडाबाई पाटाच्या कडेला जुड्या बांधत होती. तनुजा जाऊन तिच्याशेजारी बसली.

“माय, मघाशी बोलले ते मनावर घेऊ नको.”

“नाय घेतलं.”

“सरांनी वाट काढलीय. पांढरे सोडून द्यायचे. बाकीच्यांवर भागतंय.”

आवडाबाईच्या हातातली सुतळी थांबली. “बाकीच्यांवर?”

“व्हय. त्यांना त्यांचं त्यांचं मोजून मिळालंय ना, मग झालं. पांढऱ्यांना तू लेंड्या घातल्यास का काय घातलंस ते आता जाऊ दे.”

सुतळीचं टोक आवडाबाईनं बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. ती त्याच घडीला उठून गेली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. तनुजाला पदवी मिळाली असती आणि जगाच्या पाठीवर कुणाला काही कळलं नसतं. पण खोटं पोटात ठेवून जेवण जात नाही अशा बायका असतात, आणि त्यांच्या पोटी जन्माला येणं सोपं नसतं.

“तनू,” ती म्हणाली, “म्या लेंड्या नाय घातल्या. तूच म्हणली व्हती, बाहेरचं काय बी रानात टाकू नको. म्या बाहेरचं नाय टाकलं.”

“मग?”

“त्यांच्याच वळीतलं. सहा पुड्या व्हत्या ना एका वळीच्या, त्या सहांतून. गोणीवाल्या पुडीतली चिमूट चिमूट, शेणखताच्या पिशवीतली मूठ मूठ. सहांचं मिळून सातव्याचं झालं.”

पाटाचं पाणी वाहत होतं, वरच्या रस्त्यावरून वेरूळकडं जाणारी कुणाची तरी गाडी हॉर्न वाजवत गेली. “तिन्ही ओळींत?” तनुजानं विचारलं.

“तिन्ही. एकीला द्यायचं अन् दोघींना नाय, असं कसं करू?”

“किती काढलंस एकेकातून? माय, आठव. नेमकं किती? चिमूट म्हणजे दोन बोटांची का तीन? दाखव मला.” तिनं ओंजळभर माती उचलून आईपुढं धरली. तेवढा आकडा मिळाला तर वजा करता येईल, काहीतरी गणित मांडता येईल, असं अजून तिला वाटत होतं.

आवडाबाईनं चिमूट घेतली, मग थोडी माती खाली सोडली, मग थोडी परत घेतली. “ज्याची पुडी मोठी त्याच्यातली जरा जास्ती. ज्याची बारकी त्याच्यातली कमी. त्या निळ्याची तर लई बारकी व्हती, त्याचं दोनच दाणे घेतले आसंल.” ती पोरीच्या तोंडाकडं बघून घाबरली. “घास कुणी मोजून काढतं व्हय, तनू?”

तनुजाच्या ओंजळीतली माती गळून पडली. पाच चतकोर, दोन धान्यं. ते ताट तिच्या डोळ्यांपुढं जसंच्या तसं उभं राहिलं. बाहेरचं काही टाकायचं नाही, हे तिनंच सांगितलं होतं. आईनं शब्द पाळला होता. एकवीसच्या एकवीस वाफे, एकही धड राहिला नव्हता.

ह्या वेळी ती ओरडली नाही. ओरडण्याइतकंही काही उरलं नव्हतं. उन्हात बसून तिला थंडी वाजायला लागली.

“म्या सांगायला नको व्हतं का?” आवडाबाईनं विचारलं.

तनुजाच्या मनातलं उत्तर व्हय असंच होतं. नको होतंस सांगायला. आज गप्प बसली असतीस तर मी सही करून मोकळी झाले असते, आणि ती सही खोटी आहे हे मला मरेपर्यंत कळलं नसतं. आता कळलंय. आता ते कुठं नेऊन टाकू?

फोन वाजला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पारूबाई आणि द्वारकाबाई लिंबाखाली फडकी सोडून बसल्या होत्या. तनुजा उभी राहिली, जणू सर समोरच आले होते.

“झालं काम,” सर म्हणाले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच मवाळपणा होता. “विभागप्रमुख तयार झाले. म्हणाले, दोन वर्षं पोरीचं नशीब फुटकं होतं, आता अडवू नका. तू फक्त लिहून आण. अठरा वाफे चोख. बरोबर?”

“हो सर,” तनुजा म्हणाली.

ती हो म्हणाली, हे लपवण्यात अर्थ नाही. ओठांवर आलं आणि गेलं. पलीकडून सर म्हणाले, “शाबास. हिरव्याला किती भरलं?”

तिनं वर बघितलं. आबा बांधावर उभा राहून तिच्याकडंच बघत होता. हिरव्याला बाराच्या वर भरलं होतं, ते पाऊण आणि पाव ह्या मापानं नव्हे, ते किती मापानं हे आता देवालासुद्धा सांगता आलं नसतं. मे महिन्यात पत्रक निघालं असतं. फुलंब्रीच्या बाजारात कुणीतरी ते आबाच्या हातात दिलं असतं, आणि पोरीचं नाव छापलंय म्हणून आबानं पुढच्या साली अख्ख्या रानाला त्याच मापानं खत घातलं असतं. न विचारता, न मोजता, लेकीचा शब्द म्हणून.

“सर,” ती म्हणाली, “चोख नाहीत. एकही नाही.”

“म्हणजे?”

तिला सगळं सांगायचं होतं, चिमूट आणि मूठ आणि सहा पुड्या, पण सुरुवात कुठून करायची ते सुचेना. मग ती एवढंच म्हणाली, “सर, त्या दिवशी तुम्ही रानात जेवलात. तुमची भाकर वेगळी केली नव्हती.”

फोन कट झाला असं तिला वाटलं.

“पाच तुकडे,” सर शेवटी म्हणाले.

“हो सर. तसंच. तिन्ही ओळींत.”

सर मोठा माणूस, रागाचा माणूस, पण ते ओरडले नाहीत, आणि तनुजाला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं. “तनुजा,” ते म्हणाले, “मला हे पुढं नेता येणार नाही.”

“माहीत आहे, सर.”

“एकतीस मार्चनंतर माझ्याही हातात काही नाही.”

“हो सर.”

तिनं फोन ठेवला. नमुन्याच्या पिशव्या ओळीनं मांडलेल्या होत्या, नावं टाकून, तारखा टाकून. त्यांचं काय करायचं हे तिला सुचेना, म्हणून तिनं त्या सावलीत सरकवून ठेवल्या. मग आता कुठं जायचं हे कळेना, म्हणून ती लिंबाखाली येऊन बसली. चौघं फडक्याभोवती बसली होती, भाकरी समोर होत्या, आणि कुणी तोंडात घास घातला नव्हता. सगळ्यांनी ऐकलं होतं.

“जेव, बाई,” पारूबाई म्हणाली. मग तिच्या ध्यानात आलं की तनुजाची भाकर आणलेलीच नाही.

आवडाबाईचा हात सवयीनं पुढं गेला, पारूबाईच्या भाकरीकडं. चतकोर मोडायला बोटं वाकलीसुद्धा. आणि तिथंच थांबली. हवेत तसाच राहिला तो हात, ना पुढं ना मागं. मग तिनं तो मागं घेतला, आपली अख्खी भाकर उचलली आणि तनुजापुढं ठेवली.

“मला भूक नाय,” ती म्हणाली. “ही खा.”

तनुजा त्या भाकरीकडं बघत बसली. चार वर्षं तिच्या डोळ्यांपुढून गेली, कुजलेला कांदा, शहरातली ती लॅब, सगळं. आईचा राग आला होता तो गेला नव्हता. तो लवकर जाणारही नव्हता. पण अख्खी भाकर तिला गिळवणार नव्हती.

“तुझी नको,” ती म्हणाली आणि भाकर परत सरकवली. “सगळ्यांतली तोड.”

आवडाबाईला रडू फुटलं. तिच्याच्यानं काही होईना. तेव्हा पुंजारामानं आपला चतकोर मोडून तनुजापुढं ठेवला, मग पारूबाईनं, मग द्वारकाबाईनं. आवडाबाईनंही तुकडा मोडला, पण तो पुढं करायला तिला धीर होईना. तनुजानंच तो तिच्या हातातून घेतला आणि आधी तोच खाल्ला.